स्पूल कंट्रोल आणि जॉब कंट्रोल: दोन अधिकारांतला फरक

समजा, कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचे पगार, साठा आणि चलने आयबीएम आयवर, म्हणजे १९८८ साली एएस/४०० या नावाने बाजारात आलेल्या आणि आजही अनेकांच्या तोंडी त्याच नावाने असलेल्या प्रणालीवर चालतात. रात्रपाळीत चलनाची स्पूल फाइल, म्हणजे छपाईसाठी प्रणालीत साठवलेला मजकूर, अडकते, भरलेला ट्रक गेटवर उभा राहतो आणि पाळीवरच्या ऑपरेटरला ती फाइल सोडवण्याचा अधिकार नसतो. सकाळी तक्रार झाल्यावर त्याच्या यूजर प्रोफाइलला, म्हणजे प्रणालीतल्या त्याच्या खात्याला, घाईघाईने *एसपीएलसीटीएल हा विशेष अधिकार जोडला जाण्याची शक्यता मोठी असते, कारण नावात स्पूल आहे आणि अडचणही स्पूलचीच होती. छपाईच्या कागदांपुरताच अधिकार, त्यात धोका तो काय, असा समज त्यामागे असतो आणि तो साफ चुकीचा आहे.

*एसपीएलसीटीएल, म्हणजे स्पूल कंट्रोल, मिळालेला माणूस प्रणालीवरील कोणत्याही आउटपुट क्यूमधली, म्हणजे छपाईसाठी थांबलेल्या फाइलींच्या रांगेतली, कोणाचीही स्पूल फाइल पाहू शकतो, रोखू शकतो, बदलू शकतो आणि काढून टाकू शकतो. त्या क्यूवर कोणते निर्बंध घातले आहेत, हे त्याच्या बाबतीत पाहिलेच जात नाही. चलन सोडवण्यासाठी दिलेल्या या अधिकाराने तो ऑपरेटर व्यवस्थापकांच्या पगारपत्रकापासून बँकेला पाठवायच्या याद्यांपर्यंत, छपाईसाठी थांबलेले सगळे काही पडद्यावर वाचू शकतो, आणि एका क्यूपुरते त्याला अडवण्याची सोय प्रणालीत नाही.

*जॉबसीटीएल, म्हणजे जॉब कंट्रोल, या अधिकारानेही स्पूल फाइली हाताळता येतात. मात्र तो कुठे चालेल हे क्यू ठरवते. क्यूचा ओपीआरसीटीएल हा पॅरामीटर, म्हणजे तिची एक सेटिंग, *येस असेल तरच जॉब कंट्रोलवाल्याला तिथे प्रवेश मिळतो. क्यू तयार करताना वेगळे काही सांगितले नाही तर हे मूल्य *येसच राहते आणि फाइलींचा मजकूर कोणाला दिसेल हे ठरवणारा डीएसपीडीटीए हा दुसरा पॅरामीटर *नो राहतो. या *नोचा अर्थ ‘दुसऱ्याची फाइल कोणालाच दिसणार नाही’ असा घेतला जातो. प्रत्यक्षात जॉब कंट्रोल असलेल्याला ती दिसते. पगाराच्या क्यूला डीएसपीडीटीए *ओनर केल्यास चित्र बदलते: जॉब कंट्रोलवाला फाइल रोखू, सोडू किंवा काढून टाकू शकतो, पण ती उघडून वाचू शकत नाही, तिची प्रत घेऊ शकत नाही आणि ती दुसऱ्या क्यूमध्ये हलवूही शकत नाही. ती वाचू शकतो फक्त तिचा मालक आणि स्पूल कंट्रोल असलेला माणूस. माझ्या मते दोन्ही अधिकारांतला खरा फरक याच एका मूल्यापाशी स्पष्ट होतो, आणि पगाराची क्यू *नोवर ठेवून निर्धास्त राहणे योग्य नाही.

जॉब कंट्रोल म्हणून निरुपद्रवी ठरतो असेही नाही. त्याने इतरांचे जॉब, म्हणजे प्रणालीवर चालू असलेली कामे, थांबवता किंवा बंद करता येतात, ती कामे जिथे चालतात ती चालू सबसिस्टिमही बंद करता येते. *एसवायएसओपीआर, म्हणजे सिस्टिम ऑपरेटर, वर्गातल्या प्रोफाइलला तो मुळातच मिळतो आणि पाळी सांभाळणाऱ्या ऑपरेटरकडे तो असणे रास्त आहे. गेटवर चलने छापणाऱ्या लिपिकाला मात्र दोन्हींपैकी एकही लागत नाही. त्या एका क्यूचा एयूटीसीएचके, म्हणजे इतरांच्या फाइली हाताळू देताना काय तपासायचे हे ठरवणारा पॅरामीटर, *डीटीएएयूटी करून लिपिकाला त्या क्यूवर *चेंज अधिकार दिला की तेवढ्या क्यूमधल्या सर्वांच्या फाइली त्याला हाताळता येतात आणि पगाराच्या क्यूशी त्याचा संबंध येत नाही.

आधीच वाटलेले स्पूल कंट्रोल काढून घेताना केवळ त्या माणसाचे प्रोफाइल पाहून भागत नाही. ग्रुप प्रोफाइलचे, म्हणजे अनेक वापरकर्त्यांच्या सामाईक प्रोफाइलचे, विशेष अधिकार त्यातल्या प्रत्येक सदस्याला लागू होतात. त्यामुळे स्वतःच्या प्रोफाइलमध्ये *एसपीएलसीटीएल नसलेल्या लिपिकालाही तो ग्रुपमार्फत मिळालेला असू शकतो.