महामार्गाच्या आखणीवर हरकत: 21 दिवस कुठून मोजायचे आणि अर्जात काय लिहायचे

हरकती फेटाळल्या जाताना दोनच कारणे पुन्हा पुन्हा दिसतात: अर्ज उशिरा आला, किंवा अर्जात पैशांखेरीज काहीच नव्हते.

आधी उशिराचे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 च्या कलम 3ए खाली जमीन घेण्याच्या इराद्याची अधिसूचना राजपत्रात निघते. कलम 3सी प्रमाणे तिच्या प्रसिद्धीपासून 21 दिवसांत लेखी हरकत द्यायची असते. लोक दिवस मोजतात ते तलाठ्याने कागद दाखवल्यापासून, नाहीतर शेतात खुणेचे दगड रोवल्यापासून. सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापतात खरा, पण बारीक टायपातले ते गट नंबर वाचतो कोण? वाद नको, राजपत्राची तारीख धरा. ‘माहिती अधिकारात नकाशा मागवतो, मग लिहितो’ हेही नको. त्या उत्तराला कायद्यानेच 30 दिवस दिले आहेत! हरकत आधी टाका, पुरवणी मागाहून द्या.

अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, बहुतेक ठिकाणी म्हणजे प्रांताकडे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का पडल्याशिवाय टेबल सोडू नका.

सोबत सातबारा, आठ-अ, ओळखपत्र. घोडे अडते ते सातबाऱ्यावर. आजोबांना जाऊन पंधरा वर्षे झाली तरी नाव त्यांचेच. कायदा ‘जमिनीत हितसंबंध असलेली व्यक्ती’ म्हणतो, त्यात वारसही आले. मृत्यूचा दाखला आणि वारस नोंदीच्या अर्जाची पोच जोडा. फेरफार मंजूर होण्याची वाट बघाल तर मुदत गेलीच. अधिसूचनेतला गट नंबर, पोटहिस्सा आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहा. चूक सापडली तर हरकतीचा पहिला मुद्दा तोच.

आता मजकूर. एका अर्जात एवढेच होते: ‘जमीन बागायती आहे, घेऊ नये. घेतल्यास भाव वाढवून मिळावा.’ दुसऱ्या वाक्याने पहिल्याचा जीवच काढला. मोबदला नंतर कलम 3जी खाली ठरतो आणि तो मान्य नसेल तर लवादाकडे जाता येते. 3सी ची हरकत जमीन रस्त्यासाठी वापरण्यालाच असते. आखणी ठरवताना सल्लागार पर्यायी मार्ग शेजारी ठेवून लांबी, वळणे, चढ, पूल, मातीचा पोत, वनजमीन, पडणारी घरे आणि भूसंपादनाचा खर्च तोलतात. तुम्हीही त्याच तराजूत बोला: ‘गट 118 मध्ये रस्ता ओढ्याला तिरपा छेदतो, त्यामुळे पूल लांबतो. आखणी उत्तरेला सरकवल्यास छेद काटकोनात येतो, विहीर आणि चार घरे वाचतात.’ सोबत गाव नकाशावर लाल पेनाने रेघ. असा अर्ज मान्य होईलच असे नाही, पण एका ओळीत निकाली काढणे जड जाते.

सुनावणीला स्वतः जा किंवा वकील द्या. आदेश लेखी मागा. हरकतीवरचा तो आदेश कायद्याने अंतिम मानला आहे.

3ए नंतर वर्षभरात 3डी ची, म्हणजे जमीन संपादित केल्याची, घोषणा झाली नाही तर अधिसूचना बाद होते. झाली, तर जमीन त्याच दिवशी केंद्र सरकारची होते आणि त्यानंतर दिलेल्या हरकतीने फक्त फाइल जाड होते.

राज्य सरकारचा रस्ता महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, 1955 खाली असेल तर ही कलमे लागू नाहीत. अधिसूचनेच्या सुरुवातीलाच कायद्याचे नाव असते, ते आधी बघा.