ब्राउझरला अख्खं घर कशाला दाखवायचं?

ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर फायरफॉक्स ब्राउझरमधून एखाद्या फॉर्मला फोटो जोडायला गेलं, की फाइल निवडायच्या खिडकीत आपलं होम फोल्डर जवळपास रिकामं दिसतं. 'डाउनलोड्स' तेवढं असतं. कागदपत्रं, फोटो, सर्व्हरच्या गुप्त किल्ल्यांचं फोल्डर, काहीच नाही. नवखा माणूस दचकतो. पण फायली जागच्या जागी असतात, ब्राउझरला त्या दिसत नाहीत एवढंच.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ओपनबीएसडी ज्या घराण्यातली, त्या युनिक्स सिस्टिमची जुनी तटबंदी एका वापरकर्त्याला दुसऱ्यापासून आणि रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला, सगळ्यांपासून जपण्यासाठी होती. घरच्या संगणकावर माणूस एकच, आणि मोलाचं सगळं त्याच्याच फोल्डरात. आपण चालवलेला प्रत्येक प्रोग्राम आपल्याच अधिकारानं चालतो. ब्राउझरमधल्या एका चुकीतून कुणी आत शिरलं, तर रूट शाबूत राहूनही आपलं सगळं जातं.

थिओ द राट यांनी 1995 साली कॅनडातून सुरू केलेल्या ओपनबीएसडीनं यावर साधा उपाय काढला: प्रोग्रामनं स्वतःहून हात बांधून घ्यायचे. 2016च्या 5.9 आवृत्तीत 'प्लेज' ही सोय सर्वत्र लागू झाली. फाइलमधले शब्द मोजणारा 'डब्ल्यूसी' हा छोटा प्रोग्राम सुरू होतानाच कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, सांगतो, मी फायली वाचीन आणि उत्तर छापीन, बस्स. त्यानंतर त्यानं नेटवर्क मागितलं, तर कर्नल त्याला तिथल्या तिथे ठार करतो. सोडलेला अधिकार परत मिळत नाही. 2018च्या 6.4 आवृत्तीत 'अनव्हेल' आलं. कोणते फोल्डर दिसावेत ते प्रोग्रामनं सांगायचं, बाकीची डिस्क त्याच्यापुरती नाहीशी. फायरफॉक्सची ती रिकामी खिडकी याचीच करामत.

थोडी गैरसोय होते. माइक मुळात बंद असतो, ध्वनिमुद्रणात नुसती शांतता येते. कॅमेऱ्याचं चित्रही कोरं. व्हिडिओ कॉलआधी दोन्ही सेटिंग रूटनं चालू करावी लागतात. मला हा क्रमच योग्य वाटतो.

लिनक्सनंही 2021मध्ये, 5.13 कर्नलमध्ये, 'लँडलॉक' नावाची अशीच सोय आणली. पण प्रोग्राम लिहिणाऱ्यानं ती वापरली तरच उपयोग.

आणि ओपनबीएसडीवरही 'डाउनलोड्स' ब्राउझरला उघडंच असतं. बँकेचं स्टेटमेंट किंवा आधारची प्रत उतरवली, की तिथे पडू देऊ नका. लगेच दुसऱ्या फोल्डरात हलवा.