सिलिका आणि हायड्रोजेल : औषधे व सौंदर्यप्रसाधनांतील उपयोग

सिलिका म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, वाळू आणि गारगोटी यांचा मुख्य घटक. हायड्रोजेल म्हणजे पाण्यात न विरघळता फुगणारे आणि ते पाणी धरून ठेवणारे बहुवारिकांचे (पॉलिमरचे, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचे) त्रिमितीय जाळे. एक कोरडा आणि दुसरा ओला अशा या पदार्थांचे नाते जुने आहे : स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६४ मध्ये 'हायड्रोजेल' हा शब्द वापरला तो थिजलेल्या, पाणीदार सिलिकेसाठीच. दोन्हींत उपयोगी पडते ती जाळ्यातील पोकळी. तिच्यात काय मावते, किती घट्ट धरले जाते आणि केव्हा सुटते, यावर सारे अवलंबून असते.

सोडियम सिलिकेटच्या द्रावणात आम्ल मिसळले, की सिलिकेचे सूक्ष्म कण एकमेकांना जोडले जाऊन द्रावण थिजते. ते वाळवले म्हणजे सच्छिद्र सिलिका जेल मिळते. त्याच्या निर्मितीचे पेटंट वॉल्टर पॅट्रिक यांना १९१९ मध्ये मिळाले. गोळ्यांच्या बाटलीत दमटपणा शोषण्यासाठी ठेवलेल्या पुडीत तेच असते. सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ हायड्रोजन व ऑक्सिजनच्या ज्योतीत सोडली, तर मात्र अतिशय हलकी भुकटी तयार होते. लिटरभर मापाची बरणी तिने भरली तरी आतल्या भुकटीचे वजन जेमतेम पन्नास ग्रॅम भरते, आणि तिच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे २०० चौरस मीटर असते. गोळ्यांच्या मिश्रणात ती साधारण ०.१ ते १ टक्का घातली, की औषधाचे चिकट कण एकमेकांपासून सुटे राहतात, भुकटी साच्यात सारखी ओघळते आणि प्रत्येक गोळीचे वजन नेमके येते. तेलात मिसळल्यास याच कणांचे हायड्रोजन बंधांनी सैलसर जाळे बनते. हलवले की ते मोडते व द्रव पातळ होतो, स्थिर ठेवला की पुन्हा जुळते.

टूथपेस्टमध्ये सिलिका घासण्याचे आणि घट्टपणा देण्याचे अशी दोन्ही कामे करते. खडू वापरला तर त्यातील कॅल्शियम हे टूथपेस्टमधल्या फ्लोराइडला बांधून ठेवते, सिलिका तसे करीत नाही. शिवाय तिचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) टूथपेस्टमधील सॉर्बिटॉलच्या द्रावणाशी जुळवता येतो, म्हणून आरपार दिसणारी जेल टूथपेस्ट शक्य झाली. चेहऱ्याच्या पावडरीत तिचे गोलसर कण तेल शोषतात आणि प्रकाश विखुरतात, त्यामुळे बारीक सुरकुत्या अस्पष्ट दिसतात. पण पावडर जरा जास्त लागली, तर फ्लॅशच्या छायाचित्रात हीच पावडर पांढऱ्या डागांनी उघडी पडते.

१९९२ मध्ये एकसारख्या, नॅनोमीटर मापाच्या नळीदार छिद्रांची सिलिका तयार करण्यात आली आणि २००१ मध्ये तिच्या छिद्रांत आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक भरून ते हळूहळू बाहेर सोडता येते हे दाखवण्यात आले. अरुंद छिद्रात रेणूंना स्फटिक रचायला जागा उरत नाही. त्यामुळे पाण्यात एरवी नाखुशीने विरघळणारी काही औषधे येथून लवकर विरघळतात. एकच साधन औषधाला आवरते आणि घाईही करायला लावते, हे या विषयातील सर्वांत रोचक अंग म्हणावे लागेल.

हायड्रोजेलचा वैद्यकीय इतिहास चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लीम यांच्या १९६० मधील शोधनिबंधापासून सुरू होतो. पुढच्याच वर्षी नाताळात विख्टर्ले यांनी मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातील भागांपासून यंत्र उभारून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या. या लेन्सच्या मूळ हायड्रोजेलमध्ये सुमारे ३८ टक्के पाणी असते. डोळ्याला ऑक्सिजन त्या पाण्यातूनच पोचत असल्याने त्याला मर्यादा पडते. पुढे आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेलने ती बरीच ओलांडली. (सिलिकॉन बहुवारिक आणि सिलिका हे वेगळे पदार्थ आहेत, त्यांची गल्लत वारंवार होते.)

सौंदर्यप्रसाधनांतील पारदर्शक जेल बहुधा कार्बोमर या बहुवारिकाचे असते. त्याची पांढरी भुकटी पाण्यात भिजवल्यावर द्रव आम्लधर्मी आणि पातळच राहतो. त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे काही थेंब पडले, की साखळ्यांवर ऋणभार येतो, त्या एकमेकींना ढकलत पसरतात आणि बघता बघता हवेचे बुडबुडे जागच्या जागी अडकतात. अशा जेलवर चिमूटभर मीठ टाकले तर ते पाणी सोडून ओघळू लागते, कारण क्षार हे भार झाकून टाकतात. गोळ्यांतही असेच फुगणे कामी येते : हायप्रोमेलोज या सेल्युलोजपासून बनवलेल्या बहुवारिकाची गोळी भिजली की तिच्याभोवती चिकट थर बनतो आणि औषध त्यातून झिरपत तासन्‌तास बाहेर पडते. जखमेवरील हायड्रोजेल पट्टी ओलावा राखते, तर आडबंध घातलेले (साखळ्या एकमेकींना जोडलेले) हायलुरॉनिक आम्ल त्वचेखाली भरावासाठी टोचले जाते. तेथे चूक झाल्यास हायलुरॉनिडेज हे विकर (एन्झाइम) टोचून ते विरघळवता येते.

पाण्याने भरलेल्या जेलमध्ये जिवाणू व बुरशी सहज वाढतात, म्हणून प्रसाधनांत परिरक्षक (ही वाढ रोखणारा घटक) बहुधा अपरिहार्य ठरतो. सिलिकेबाबत भीती आहे ती स्फटिकी प्रकाराची : तिची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास सिलिकोसिस होतो आणि ती कर्ककारक मानली गेली आहे. औषधे व प्रसाधनांत वापरली जाणारी सिलिका अस्फटिकी असते आणि तिला हा दोष लागू नाही. तरीही सुटी, हलकी भुकटी हाताळताना कामगारांनी तोंडावर मुखपट बांधणे आवश्यक असते.