सार्वजनिक शाळांतील लिंगभेद प्रतिबंध व छळाच्या तक्रारींचे निवारण (नागपूर)

शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांमध्ये मुलगा, मुलगी किंवा तृतीयपंथी असण्यावरून कोणालाही वेगळी वागणूक मिळू नये आणि लैंगिक छळाची तक्रार ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या मुदतीत हाताळली जावी, यासाठी असलेली कायदेशीर व प्रशासकीय व्यवस्था. नागपूर शहरात महानगरपालिका मराठी, हिंदी, उर्दू व इंग्रजी माध्यमांच्या शाळा चालवते. काटोल, रामटेक, कुही, भिवापूर अशा तालुक्यांत गावोगावच्या प्राथमिक शाळा बहुतांशी जिल्हा परिषदेच्या आहेत. दोन्हींचा कारभार वेगळा असला, तरी लागू होणारे कायदे तेच आहेत.

संविधानाचा अनुच्छेद 15 लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई करतो. शिक्षणहक्क अधिनियम, 2009 मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे बंधनकारक करतो, कलम 17 खाली शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी घालतो आणि शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा महिलांना देतो. शाळेतला भेदभाव मात्र बहुतेकदा वहिवाटीच्या रूपाने येतो : हजेरीपटावर आधी सगळे मुलगे आणि मग मुली, पाहुणे आले की रांगोळी व ओवाळणी मुलींकडे, बाके हलवायला मुलगे, खेळाच्या तासाला मैदान मुलग्यांचे. अशा गोष्टींची लेखी तक्रार सहसा कोणी करत नाही. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई-वडील दोघेही भाजी निवडत असल्याचे चित्र छापले, ते या वहिवाटीला दिलेले उत्तर म्हणता येईल.

छळाची तक्रार आली की पीडित व्यक्ती कोण आहे, हे आधी पाहावे लागते, कारण तेथून वाटा वेगळ्या होतात. पीडित व्यक्ती 18 वर्षांखालील असेल, मग ती मुलगी असो वा मुलगा, तर लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012 (पॉक्सो) लागू होतो. कलम 19 नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद व दंड होऊ शकतो. मुख्याध्यापकांनी आधी आपल्या खोलीत दोन्ही बाजू ऐकाव्यात, खरे-खोटे ठरवावे आणि मग काय ते बघावे, ही सर्रास आढळणारी पद्धत कायद्याला मान्य नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. शिक्षकाने किंवा शाळेतील कर्मचाऱ्याने केलेला गुन्हा अधिक गंभीर प्रकारात मोडतो.

या कायद्याच्या अन्वयार्थाला वळण देणारी दोन प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेली. नागपुरातील 12 वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सोखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये दिला होता. 18 नोव्हेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि त्वचेला त्वचा लागली की नाही यापेक्षा लैंगिक हेतू महत्त्वाचा, असे सांगितले. दुसरे प्रकरण चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील शालेय वसतिगृहाचे. तेथील आदिवासी मुलींवरील अत्याचाराची माहिती असूनही ती कळवली नाही, या आरोपावरून एका डॉक्टरवर दाखल झालेला गुन्हा खंडपीठाने रद्द केला होता. 2 नोव्हेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश फिरवला आणि माहिती दडवणे हाही गंभीर अपराध असल्याचे स्पष्ट केले. शाळांच्या दृष्टीने हा दुसरा निकाल अधिक महत्त्वाचा आहे, कारण त्याचा रोख गप्प बसणाऱ्यांवर आहे.

शिक्षिका, मदतनीस किंवा स्वयंपाकी महिला यांच्या तक्रारींसाठी 2013 चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा अधिनियम आहे. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करावी लागते (सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात) आणि चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हावी लागते. दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती असते. ती नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. दोनशिक्षकी शाळेत ही तरतूद विशेष कामाची आहे. तिथे ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, तोच बहुधा एकमेव सहकारी असतो आणि गावात दोघांनाही सगळे ओळखतात.

राज्य शासनाने मार्च 2022 मध्ये शाळा, केंद्र (जवळच्या शाळांचा गट) व तालुका स्तरांवर, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचा निर्णय घेतला. बदलापूर येथील शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर, 21 ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी व कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांवर भर दिला आणि अनुचित प्रकार 24 तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवण्याची जबाबदारी शाळेवर टाकली. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारालगत, येता-जाता सगळ्यांना दिसेल अशी टांगलेली असेल, तर तीत चिठ्ठी टाकायला मूल धजत नाही. जिन्याखाली किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर ती लावली, तर निदान कोणाच्या नजरेत न येता तिच्यापर्यंत पोहोचता येते. पेटीखेरीज 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी व 112 हा आपत्कालीन मदतीचा क्रमांकही आहे.

तक्रारीनंतर आरोप असलेल्या कर्मचाऱ्याची दुसऱ्या शाळेत बदली करून विषय संपवण्याकडे प्रशासनाचा कल दिसतो. पण बदली ही शिक्षा नाही आणि तिने पोलिसांत कळवण्याचे कर्तव्यही संपत नाही. पालकांशी समझोता झाल्यानेही खटला मिटत नाही : राजस्थानातील एका शिक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2024 रोजी, तडजोडीच्या आधारे रद्द झालेला गुन्हा पुन्हा जिवंत केला. विभागीय चौकशी फौजदारी खटल्याहून स्वतंत्रपणे चालते, आणि दोन्हींमध्ये मुलाचे नाव, शाळा किंवा पत्ता उघड होणार नाही याची काळजी घ्यावी लागते.