डायन क्रम्प: हायलियाच्या शर्यतीआधी आणि नंतर

७ फेब्रुवारी १९६९ रोजी फ्लोरिडातल्या हायलिया पार्क रेसकोर्सवर २० वर्षांची डायन क्रम्प घोड्यावर बसली आणि अमेरिकेत बेटिंग चालणाऱ्या अधिकृत शर्यतीत उतरलेली पहिली स्त्री जॉकी ठरली. घोड्याचं नाव ब्रायडल एन बिट. बारा जणांत तिचा नंबर दहावा आला.

तबेल्यात मुली तेव्हाही दिसत. पहाटे घोडे पळवायचे, त्यांची निगा राखायची, ही कामं त्या करत. क्रम्पही त्यातूनच वर आली. सगळं अडायचं ते जॉकीच्या परवान्यापाशी. मेरीलँडमध्ये कॅथी कुसनर या घोडेस्वार महिलेला तो नाकारला गेला. ती ऑलिम्पिकमध्ये देशाकडून उतरलेली होती, तरीही! १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे ती कोर्टात गेली आणि १९६८ मध्ये जिंकली. मात्र त्याच वर्षी पाय मोडल्यामुळे तिला लगेच शर्यतीत उतरता आलं नाही.

कागदावर दार उघडलं, तर पुरुष जॉकींनी वाट अडवली. केंटकीतल्या चर्चिल डाउन्स रेसकोर्सवर पेनी ॲन अर्लीचं नाव शर्यतीत लागलं, की बाकीचे जॉकी घोड्यावर बसायलाच नकार देत. जानेवारी १९६९ मध्ये फ्लोरिडातल्याच ट्रॉपिकल पार्कवर बार्बरा जो रुबिनवरही असाच बहिष्कार पडला. तिच्या कपडे बदलायच्या ट्रेलरवर दगडही आला. लहानपणी पोलिओ झालेली ही मुलगी मागे हटली नाही. २२ फेब्रुवारीला वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स टाउनला ती शर्यत जिंकली.

हायलियालाही काही जॉकींनी माघार घेतली, पण त्यांच्या जागी दुसरे मिळाले आणि शर्यत झाली. क्रम्पला पोलिसांच्या बंदोबस्तात घोड्यापर्यंत न्यावं लागलं. गर्दीतून ‘स्वयंपाकघरात परत जा’ अशा आरोळ्या येत होत्या, असं तिनं पुढे सांगितलं. त्यानंतर दीड महिन्याच्या आतच गल्फस्ट्रीम पार्कवर तिनं पहिला विजय मिळवला.

चर्चिल डाउन्सवर होणारी केंटकी डर्बी ही अमेरिकेतली सगळ्यात प्रसिद्ध शर्यत. १९७० च्या डर्बीत ती फॅदम नावाच्या घोड्यावर होती. डर्बीत उतरलेली ती पहिली स्त्री. सतरा घोड्यांत पंधरावी आली. त्याच दिवशी तिथलीच पहिली शर्यत मात्र तिनं जिंकली होती.

तिच्या कारकिर्दीत दोनशेहून थोडे अधिक विजय आहेत. हा आकडा लहान म्हणणाऱ्यांनी तिला घोडे किती आणि कसे मिळाले हे आधी पाहावं. जॉकीचं नशीब मालक आणि ट्रेनर यांच्या हाती असतं आणि जिंकण्याजोगा घोडा स्त्रीच्या हाती द्यायला फार थोडे तयार होते. पहिली असणं तिला फार महाग पडलं, असं मला वाटतं. डर्बीत दुसरी स्त्री, पॅटी कुक्सी, दिसायला १९८४ उजाडलं. ज्युली क्रोननं कलोनियल अफेअरवर बेलमाँट स्टेक्स जिंकली ती १९९३ मध्ये. ट्रिपल क्राऊनमधल्या, म्हणजे डर्बी आणि बेलमाँट धरून अमेरिकेतल्या तीन मानाच्या शर्यतींपैकी, एखाद्या शर्यतीत स्त्री जॉकीचा तो पहिलाच विजय होता.