मुंबई–लंडन: सरळ रेषेचा वाकडा इतिहास

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर रेघ इराणच्या आखाताच्या अंगाने इराकवरून जाते. पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. तो निघतो थेट कराचीवरून आणि पुढे बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन असा युरोपात शिरतो. सगळ्यांत जवळची वाट हीच. ती किती वेळात कापायची हे मात्र विमानाच्या वेगाइतकंच खालच्या देशांच्या मर्जीवर ठरत आलंय.

विमानाआधी बोट होती. मुंबई बंदरातल्या बॅलार्ड पिअरवरून निघालेल्या माणसाला सुएझमार्गे विलायतेला पोचायला दोनएक आठवडे लागत. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन–कराची सेवा सुरू केली आणि कराचीपर्यंतचा प्रवास सात दिवसांवर आला. सात दिवस विमानात, असं मात्र नाही. इटलीशी हवाई हद्दीवरून बिनसल्यामुळे उतारूंना स्वित्झर्लंडमधल्या बाझलपासून इटलीतल्या जिनोआपर्यंत चक्क आगगाडीने नेत, तिथून पुढे समुद्रावर उतरणारं विमान. इराणच्या किनाऱ्यावरूनही फार काळ जाता आलं नाही. १९३२ मध्ये मार्ग इराणच्या आखाताच्या अरबी बाजूला सरकला आणि शारजाला मुक्कामाची सोय झाली.

मुंबई अजून या साखळीत नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीला आलेलं टपाल एका इंजिनाच्या छोट्या पुस मॉथमध्ये घालून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. अहमदाबादेत त्या विमानाचं पेट्रोल आलं बैलगाडीतून, डब्यांत भरून!

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघालं. कैरो आणि जिनिव्हा असे दोन थांबे. ते लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं पंख्याचं विमान. ताशी पाचशेच्या आसपास वेग धरला तर या वाटेवर नुसतं उडायलाच पंधराएक तास हवेत. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि वेग नऊशेच्या घरात गेला.

गंमत अशी, की त्यानंतर वेग वाढलाच नाही. आजचं विमानही साधारण तेवढ्याच वेगाने जातं. वाचले ते थांबे, कारण टाक्या मोठ्या झाल्या आणि इंजिनं कमी इंधन पिऊ लागली. शिवाय वारा आहेच. उंचावर तो पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, म्हणून लंडनहून येताना जाण्यापेक्षा तासभर कमी वेळ लागतो. 

आणि पुन्हा तीच जुनी अडचण. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना हद्द बंद केली. त्यामुळे भारतीय कंपनीचं विमान मुंबईहून उडालं की कराचीची वाट सोडून अरबी समुद्रावरून पश्चिमेला, अरबस्तानाच्या अंगाने वळायला लागलं. १९३२ मध्ये टपालाची विमानं याच बाजूला सरकली होती.