इस्ट्रोजेन आणि थायरॉइड

इस्ट्रोजेन हे बीजांडकोशात तयार होणारे मुख्य स्त्री-संप्रेरक, तर थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या भागात श्वासनलिकेला लगटून असलेली ग्रंथी. दोघांची गाठ मुख्यतः यकृतामार्फत पडते. इस्ट्रोजेन वाढले की थायरॉइडची संप्रेरके वाहून नेणारे एक प्रथिन रक्तात वाढते आणि तपासणीतले आकडे बदलतात. ग्रंथी निरोगी असेल तर त्याने आजार होत नाही. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या स्त्रीला मात्र हाच बदल जाणवू शकतो.

थायरॉइडचे मुख्य संप्रेरक थायरॉक्सिन, म्हणजे टी-फोर. रक्तातले ९९ टक्क्यांहून अधिक टी-फोर प्रथिनांना चिकटलेले असते. त्यातला सुमारे ७० ते ७५ टक्के भाग थायरॉक्सिन-बंधक ग्लोब्युलिन या यकृतात बनणाऱ्या प्रथिनाकडे असतो. पेशींत शिरून काम करते ते मोकळे टी-फोर, एकूणाच्या जेमतेम ०.०२ ते ०.०३ टक्के. बांधलेले संप्रेरक म्हणजे मुदत ठेव, मोकळे म्हणजे हातातली रोकड. ठेव फुगली म्हणून घरखर्चाचे पैसे वाढत नाहीत. इस्ट्रोजेनमुळे या ग्लोब्युलिनच्या रेणूवर सियालिक आम्लाचे प्रमाण वाढते. असा रेणू यकृताला रक्तातून चटकन काढून टाकता येत नाही. तो जास्त काळ टिकतो आणि साठा वाढत जातो. मोकळे टी-फोर क्षणभर कमी पडते, मेंदूच्या तळाची पोष (पिट्युटरी) ग्रंथी थायरॉइडला कामाला लावणारे टीएसएच हे संप्रेरक वाढवते, थायरॉइड थोडे जास्त काम करते आणि नवा तोल साधतो.

इंदुरात काय किंवा इतरत्र काय, ‘थायरॉइड प्रोफाइल’ या नावाने होणाऱ्या नेहमीच्या स्वस्त तपासणीत बहुधा एकूण टी-थ्री (थायरॉइडचे दुसरे संप्रेरक), एकूण टी-फोर आणि टीएसएच असते. गरोदर किंवा संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रीचा एकूण टी-फोर त्यात ठळक अक्षरांत ‘जास्त’ छापून येतो आणि घर घाबरते. टीएसएच ठीक असेल तर बहुतेक वेळा या आकड्याला अर्थ नसतो. शंका उरलीच तर फ्री, म्हणजे मोकळ्या टी-फोरची तपासणी करून घ्यावी.

गरोदरपणात हे प्रथिन दुप्पट-तिप्पट होते आणि विसाव्या आठवड्याच्या सुमारास स्थिरावते. एकूण टी-फोर दीडपटीच्या आसपास जातो. पहिल्या तीन महिन्यांत वारेतून येणारे एचसीजी हे संप्रेरक थेट थायरॉइडला चालना देते, म्हणून टीएसएच उलट खाली दिसतो. थायरॉइड ज्यापासून संप्रेरक बनवते त्या आयोडिनची गरज गरोदरपणात दिवसाला १५० वरून २५० मायक्रोग्रॅमवर जाते. उपवासाला चालणारे सैंधव सहसा आयोडिनयुक्त नसते. नवरात्रापुरते ते ठीक, पण ‘शुद्ध’ म्हणून गरोदर बाईच्या रोजच्या जेवणात तेच वापरणे धोक्याचे आहे.

ज्यांची ग्रंथी काढलेली आहे किंवा हाशिमोटो आजाराने, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटून, निकामी झाली आहे, त्यांना जास्तीचे संप्रेरक स्वतः बनवता येत नाही. थायरॉक्सिनची पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी वर्षानुवर्षे पुरत आली असली तरी इस्ट्रोजेन सुरू झाल्यावर ती कमी पडू शकते. २००१ मध्ये बाहा अराफा यांनी अमेरिकेत रजोनिवृत्त स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात हे नेमके दिसले: निरोगी ग्रंथी असलेल्या ११ जणींत मोकळे टी-फोर व टीएसएच टिकून राहिले, पण थायरॉक्सिन घेणाऱ्या २५ जणींपैकी अनेकींचा टीएसएच १२ आठवड्यांत वाढला. इस्ट्रोजेन कोणत्या वाटेने शरीरात जाते यालाही महत्त्व आहे. तोंडाने घेतलेली गोळी आतड्यातून आधी यकृतात जाते. त्वचेवरची पट्टी किंवा जेल तसे करत नाही, त्यामुळे हे प्रथिन फारसे हलत नाही. सरकारी माला-एन, माला-डी या गोळ्यांत एथिनिल इस्ट्राडायॉल असते, तांबीत ते नसते. स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनविरोधी म्हणून ओळखले जाते, पण यकृतावर त्याचा परिणाम इस्ट्रोजेनसारखाच, म्हणून तिथेही हीच काळजी.

उलट दिशेने थायरॉइडही पाळीचे गणित बिघडवते. ग्रंथी मंदावली की अंगावरून जास्त जाणे, प्रोलॅक्टिन (दूध आणणारे संप्रेरक) वाढणे, बीजमोचन चुकणे हे प्रकार होतात. जास्त चालली की पाळी कमी आणि लांबत जाते. पंचेचाळिशीनंतर घाम, धडधड, झोप उडणे हे सगळे ‘पाळी जायची वेळ आली’ या एका वाक्यात ढकलले जाते. एका टीएसएचने यातला गोंधळ बराच सुटतो.

स्त्रियांत थायरॉइडचे आजार पुरुषांच्या कितीतरी पट जास्त दिसतात, पण त्याचा सगळा दोष इस्ट्रोजेनवर टाकता येत नाही. एक्स गुणसूत्र आणि प्रतिकारशक्तीची ठेवण यांचाही वाटा आहे. ‘इस्ट्रोजेन डॉमिनन्स’, म्हणजे शरीरात इस्ट्रोजेनचा वरचष्मा झाला, हे मान्यताप्राप्त निदान नाही. त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या लाळेच्या चाचण्या आणि ‘डिटॉक्स’ चूर्णे यांवर पैसे घालवण्यात काही हशील नाही.

सोयाबीनचा प्रश्न इंदुरात वारंवार निघतो, आणि साहजिकच: राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था याच शहरात आहे आणि माळव्याच्या शेतांत हे पीक सर्वत्र. सोयातली जेनिस्टीन, डाइडझीन ही द्रव्ये इस्ट्रोजेनशी सौम्य साम्य दाखवतात. आयोडिन पुरेसे असेल तर निरोगी थायरॉइडला त्यांचा त्रास होत नाही. खरी अडचण शोषणाची आहे: सोयाच्या वड्या, दूध किंवा पीठ गोळीच्या वेळेजवळ पोटात गेले तर थायरॉक्सिन कमी शोषले जाते. सकाळचे पोहे, जिलबी आणि चहा यांनाही गोळीनंतर अर्धा ते एक तास थांबावे लागते; लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांना चार तास. मात्रा वाढवण्याआधी डॉक्टर हे विचारतात ते उगाच नव्हे.

तोंडाने घेण्याचे इस्ट्रोजेन सुरू केल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी टीएसएच पाहतात, बंद केल्यावरही, कारण वाढवलेली मात्रा तशीच राहिली तर धडधड आणि हाडांची झीज संभवते. गोळी चालू असलेल्या बाईला दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना सांगणे आवश्यक. तिची गरज पाचव्या आठवड्यापासूनच वाढू लागते आणि २५ ते ५० टक्के जास्त मात्रा लागू शकते. प्रसूतीनंतर मात्रा पूर्ववत करून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासतात. त्या वर्षभरात काहींना, पूर्वी थायरॉइडचा आजार नसला तरी, प्रसूतीपश्चात थायरॉइडदाह, म्हणजे ग्रंथीचा दाह, होतो: आधी धडधड आणि चिडचिड, मग मरगळ. घरात त्याला बाळंतपणाचा थकवा म्हणतात आणि डिंकाचे लाडू वाढवतात.